जिंकल्यावरही शिव्या: अमेरिकेतली कॉलेज टीम, ऑनलाइन चाहते आणि घरच्यांनी करायच्या गोष्टी

गेल्या हिवाळ्यात माझी भाची मॅच जिंकून घरी आली आणि न जेवताच खोलीत जाऊन बसली. ती इथल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळते. मॅच सात गुणांनी जिंकली होती. शेवटच्या काही सेकंदांत तिला दोन फ्री थ्रो मिळाले. एक आत गेला, एक रिंगवर आपटून बाहेर आला. निकालाला त्याने काहीच फरक पडत नव्हता. पण सट्ट्याचा भाव (स्प्रेड) लागला होता साडेसात गुणांवर, म्हणजे टीम आठ किंवा जास्त गुणांनी जिंकली तरच तिच्यावर पैसे लावणारे जिंकणार. तो दुसरा चेंडू आत गेला असता तर फरक आठचा झाला असता आणि कुठल्या कुठल्या गावातल्या माणसांचे पैसे वाचले असते. रात्री अकरापर्यंत तिच्या इन्स्टाग्रामवर साठेक अनोळखी मेसेज होते. एका पठ्ठ्याने तर व्हेन्मो या पैसे पाठवायच्या-मागायच्या अ‍ॅपवर पन्नास डॉलरची मागणीच पाठवली होती: तुझ्यामुळे बुडाले, तूच भर.

बहिणीचा मला फोन. "दादा, हिला सांग ना, बघू नकोस म्हणून." मीही शहाण्यासारखं तेच सांगितलं. त्यावर भाची म्हणाली, "मामा, बघू नको म्हणजे काय करू? टीमचा ग्रुप त्याच फोनवर, बसची वेळ त्याच फोनवर, उद्याची असाइनमेंट त्याच फोनवर."

तिचं बरोबर होतं. या पोरांचं बिऱ्हाडच फोनवर आहे. त्यानंतर आम्ही घरच्यांनी मिळून जे जे केलं, त्यातलं जे कामाला आलं ते इथे लिहितो. शिव्या घालणाऱ्याचं तोंड आपल्याला धरता येत नाही, हे एव्हाना मला पटलंय. ती शिवी ज्या वाटेने पोरापर्यंत पोचते ती वाट मात्र बंद करता येते. बरीच घरं आणि बऱ्याच टीमा पहिल्या कामात शक्ती घालवतात आणि दुसरं राहून जातं.

आधी राग कुणाचा ते ओळखा

भारतात कॉलेजच्या टीमला मित्रमंडळी सोडून प्रेक्षक नसतात, म्हणून हे प्रकरण आपल्याकडच्या नातेवाइकांना फोनवर समजावता येत नाही. अ‍ॅन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) मैदानात १,०७,६०१ माणसं बसतात. वानखेडे तीनदा भरेल. अलाबामा विद्यापीठाच्या टस्कलूसासारख्या गावाला व्यावसायिक टीम नाही, तिथे विद्यापीठाची टीम हीच गावाची अस्मिता. अशा गावातला चाहता चिडतो तो आपल्या माणसावर चिडल्यासारखा. त्याचा राग कडू असतो, पण त्यात नातं असतं. पुढच्या शनिवारी तोच माणूस टाळ्या वाजवायला येतो.

दुसरा राग सट्टेवाल्याचा. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरचा सट्टा कायदेशीर करायची मोकळीक दिली आणि त्यानंतर हा राग पुरासारखा वाढला. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिने सिग्निफाय या कंपनीकडून आपल्या राष्ट्रीय स्पर्धांच्या काळातल्या १३ लाखांहून जास्त पोस्ट आणि कमेंट तपासून घेतल्या. २०२४ मध्ये अहवाल आला. पाच हजारांहून जास्त मजकूर थेट अपमानाचा, द्वेषाचा किंवा धमकीचा निघाला. त्यातला सुमारे १२ टक्के सट्ट्याशी जोडलेला होता. महिला बास्केटबॉल खेळाडूंना पुरुष खेळाडूंच्या जवळपास तिप्पट धमक्या आल्या होत्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल खेळाडू अरमांडो बेकॉट याने सांगितलं की टीम जिंकूनही त्याला शंभरेक मेसेज आले. कारण काय, तर त्याचे रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) लोकांनी पैसे लावले होते त्यापेक्षा कमी पडले. याला प्रॉप बेट म्हणतात. टीमवर पैसे न लावता एकट्या खेळाडूच्या एकट्या आकड्यावर लावायचे. वीस वर्षांच्या पोराला सांघिक खेळात असं एकटं पाडणारी दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही.

तिसरा राग म्हणजे निव्वळ टवाळखोरी. विरुद्ध टीमचे लोक, खोटी खाती, रिकामटेकडे. यांच्यावर जास्त शब्द नकोत.

हा फरक ओळखायचा कशाला? घरच्या चाहत्याला कोच, कर्णधार, विद्यापीठ काही सांगू शकतात आणि तो कधी कधी ऐकतो. सट्टेवाल्याला टीमचं नावही धड माहीत नसतं. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, त्याची फक्त नोंद करायची.

टीम नेमकी कुठे वाकते

"थोडं बोलणं खावंच लागतं, त्याने पोरं घट्ट होतात" असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. मैदानावरचा आरडाओरडा आणि रात्री एक वाजता उशीखालून येणारा मेसेज यांत फरक आहे, हे त्यांना जरूर सांगा.

पहिला परिणाम खेळावर दिसतो आणि तो भित्रेपणासारखा दिसत नाही, समजूतदारपणासारखा दिसतो. भाचीने त्या मॅचनंतर तीन आठवडे शेवटच्या मिनिटांत बास्केटकडे बघणंच सोडलं. चेंडू आला की लगेच पास. कोचला वाटलं, पोरगी टीमसाठी खेळतेय. खरं तर ती चुकण्याची जागाच टाळत होती. चुकलं की काय येतं ते तिला माहीत झालं होतं. अशा दोन-तीन मुली टीममध्ये असल्या की शेवटची दोन मिनिटं कुणाचीच राहत नाहीत.

दुसरा परिणाम खोलीत दिसतो. चाहते सुरुवातीच्या खेळाडूला शिव्या देतात तेव्हा कुणाचं तरी कौतुकही करत असतात, आणि ते बहुधा बाकावर बसलेल्याचं असतं. त्या बाकावरच्या मुलाच्या मावशीने अशा पोस्टला एक लाइक दिला की ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना कळतं. कुणी काही बोलत नाही. पासची संख्या मात्र कमी होते. ऑनलाइन रागाने टीम फुटते ती अशी, बाहेरच्या शिवीपेक्षा आतल्या लाइकने.

तिसरा परिणाम वरच्या मजल्यावर. २०१७ च्या नोव्हेंबरात टेनेसी विद्यापीठ ग्रेग शियानो यांना फुटबॉल कोच नेमणार असं कळताच चाहत्यांनी इंटरनेटवर असा गदारोळ केला की ठरलेली नेमणूक एका दिवसात मोडली. पाच दिवसांत अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ विभागाचे प्रमुखही गेले. विरोधाची कारणं काहीही असोत, पुढचं बघा: त्यानंतर आलेले जेरेमी प्रुइट यांना खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांवरून जानेवारी २०२१ मध्ये काढावं लागलं आणि २०२३ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड केला. घाईने मोडलेलं घाईनेच जोडावं लागतं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल कोच जिंबो फिशर यांना करार अर्धवट तोडून काढलं तेव्हा त्यांचे सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं निघालं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असं हरलं, सलग चौथ्यांदा. कोच रायन डे यांना काढा म्हणून ओरड झाली, त्यांच्या घरावर पहारा ठेवावा लागल्याच्या बातम्या आल्या. तीच टीम सात आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ ला, नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेती झाली. आमच्या ओळखीतले बकाय (ओहायो स्टेटच्या टीमचं नाव) भक्त यावर म्हणतात, "बघा, आम्ही ओरडलो म्हणून सुधारले." मला हे पटत नाही. हीच पोरं मिशिगनविरुद्धही होती. पहाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाची किंमत देऊनच विजेतेपद मिळतं, असा निष्कर्ष त्यातून काढू नये.

पायरी १: हंगामाआधी एक दुपार काढा आणि दारं लावा

हे काम मॅच हरल्यावर करायचं नाही. ऑगस्टमधला एखादा रविवार धरा, पोराला शेजारी बसवा, त्याच्याच हाताने करू द्या.

इन्स्टाग्रामवर अनोळखी लोकांच्या मेसेज रिक्वेस्ट बंद करता येतात. टॅग आणि मेन्शन फक्त ओळखीच्यांना ठेवता येतात. 'लिमिट्स' नावाची सोय आहे, ती काही दिवसांपुरती चालू करून नवीन आणि अनोळखी खात्यांच्या कमेंट झाकते. मोठ्या मॅचच्या आदल्या रात्री ती लावायची. एक्सवर शब्द म्यूट करता येतात आणि उत्तर कोण देऊ शकेल ते ठरवता येतं.

व्हेन्मो बहुतेक घरं विसरतात. तिथली मित्रयादी आणि व्यवहार खासगी करा, नावही शोधून सापडेल असं ठेवू नका. सट्टा हरलेल्यांनी खेळाडूंकडे व्हेन्मोवर पैसे मागणं हा इथे नेहमीचा प्रकार झालाय.

विद्यापीठाची सार्वजनिक डिरेक्टरी तपासा. नाव टाकलं की ईमेल आणि कधी पत्ताही निघतो. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या कायद्याखाली विद्यार्थ्याला ही माहिती लपवा असं रजिस्ट्रारला लेखी सांगता येतं. अर्ज एका पानाचा असतो.

मग प्रश्न येतो: सरळ अकाउंटच बंद का करू नये? जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवता येतं. याला एनआयएल म्हणतात. जाहिरात देणारा आधी फॉलोअर बघतो. म्हणजे शिव्यांचं दार आणि कमाईचं दार एकच. अशा वेळी सार्वजनिक खातं दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं आणि पोराच्या फोनवर फक्त खासगी खातं ठेवायचं. पुण्या-नाशिकहून एफ-१ व्हिसावर आलेल्या खेळाडूला या कमाईवर व्हिसाच्या अटींमुळे तसाही फारसा हात मारता येत नाही. त्याने खुशाल बंद करावं, त्याचं नुकसान कमी आहे.

पायरी २: शब्दांची यादी दुसऱ्याने करायची

इन्स्टाग्रामच्या 'हिडन वर्ड्स'मध्ये शब्द घातले की ते असलेले मेसेज आणि कमेंट आपोआप बाजूला पडतात. यादी पोराला करायला लावू नका. स्वतःला मिळू शकणाऱ्या शिव्या एकेक आठवून टाइप करायच्या, ही शिक्षा झाली. आमच्याकडे ते काम माझं. इंग्रजी शिव्या, भारतीयांना लावली जाणारी विशेषणं, मुद्दाम चुकवलेली स्पेलिंगं, पार्ले (अनेक पैजा एकत्र बांधणं) आणि स्प्रेडसारखे सट्ट्याचे शब्द, शिवाय वांतीची आणि सापाची इमोजी. दर महिन्याला भर घालावी लागते, लोक फार कल्पक असतात.

पायरी ३: मॅचनंतरचे पहिले चोवीस तास

भाचीच्या टीमने आता ठरवलंय: मॅच संपल्यावर फोन मिळतो तो बसमध्ये, जेवण झाल्यावर. फोन काढून घेतला असं वाटू नये म्हणून कोच स्वतःचाही फोन त्याच पिशवीत टाकते. कोचने स्वतःला सूट दिली की नियम दोन आठवडे टिकतो.

घरच्यांनी पहिल्या फोनवर शॉटबद्दल बोलायचं नाही, "वाईट वाटून घेऊ नकोस"ही म्हणायचं नाही. जेवलीस का, गुडघा कसा आहे, बस किती वाजता पोचेल. एवढंच. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. आमच्या बहिणीने पहिल्यांदा प्रेमाने सगळ्या कमेंट वाचून "कुणी काय म्हटलं ते मनावर घेऊ नकोस" असं एकेक करून सांगितलं होतं. पोरीने जे वाचलं नव्हतं तेही तिला आईकडून कळलं.

पायरी ४: ब्लॉक करण्याआधी जपून ठेवा

घाण दिसली की पहिली इच्छा ती पुसण्याची होते. थांबा. स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करा, कारण नाव बदलता येतं. मग रिपोर्ट, मग ब्लॉक; ब्लॉक करताना 'या व्यक्तीची इतर खातीही' हा पर्याय निवडा. पोराने हे करू नये. घरातल्या किंवा टीममधल्या एका माणसाला नेमा.

पुढे दोन वाटा. नुसती शिवीगाळ असेल तर अ‍ॅथलेटिक विभागाच्या कंप्लायन्स (नियमपालन) ऑफिसला ईमेल, महिन्यातून एकदा एकत्र. मारण्याची, बलात्काराची, घरी येण्याची भाषा असेल तर त्याच रात्री कॅम्पस पोलीस. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात अशी धमकी पाठवणं हा संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मेसेज सट्ट्याचा असेल तर राज्याच्या गेमिंग आयोगालाही कळवा. ओहायोत कायदेशीर सट्टा १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि त्याच महिन्यात डेटन विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच अँथनी ग्रँट यांनी आपल्या पोरांना येणाऱ्या मेसेजबद्दल पत्रकारांसमोर तोंड उघडलं. त्या वर्षी कायदा बदलला. खेळाडूला धमकावणाऱ्याला राज्यात सट्टा खेळायलाच बंदी घालता येते. मार्च २०२४ पासून ओहायोत कॉलेज खेळाडूंवरचे प्रॉप बेटही बंद झाले. तक्रारींनी काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे लक्षात ठेवा.

आईवडिलांना एक अडचण येते. पोरगं कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींबद्दल विद्यापीठ तुमच्याशी त्याच्या संमतीशिवाय बोलत नाही. संमतीचा फॉर्म त्या ऑगस्टच्या रविवारीच सही करून घ्या.

पायरी ५: टीमने बोलायचं कधी

२०१३ च्या आयर्न बोलमध्ये, म्हणजे अलाबामा आणि ऑबर्न विद्यापीठांच्या फुटबॉल मॅचमध्ये, अलाबामाचा किकर केड फॉस्टर याच्या किक चुकल्या, टीम ऑबर्नकडून ३४-२८ हरली आणि त्याला ट्विटरवर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सहकारी उघडपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. माजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्वतःच्या हाताने त्याला चिठ्ठी लिहिली. फॉस्टरच्या जर्सीचा नंबर ४३, आणि बुशही ४३ वे अध्यक्ष. दोन वर्षांनी मिशिगनचा पंटर (किक मारून चेंडू लांब धाडणारा खेळाडू) ब्लेक ओनील याच्या हातून शेवटच्या क्षणी चेंडू निसटला, तेव्हा विद्यापीठाचे तात्पुरते अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जिम हॅकेट यांनी चाहत्यांना खुलं पत्र लिहून आवरतं घ्यायला सांगितलं.

असं बोलणं कामाला येतं ते घरच्या चाहत्यांवर आणि एकदाच. दर आठवड्याला निवेदन काढलं की ते हवामानाच्या अंदाजासारखं होतं. बोलणारा वरचा माणूस हवा. शिव्या खाल्लेल्या पोराला माइकसमोर उभं करायचं नाही. शब्द थोडे हवेत आणि त्यात मूळ शिवी पुन्हा उच्चारायची नाही.

क्लेमसन विद्यापीठाचे फुटबॉल कोच डॅबो स्विनी यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडिओवर एका टीकाकार चाहत्याला पाच-सहा मिनिटं झापलं. टीम तेव्हा ४-४ (चार विजय, चार पराभव) होती, त्यानंतर ओळीने पाच मॅच जिंकून ९-४ वर संपली. गोष्ट झकास आहे, पण नियम म्हणून घेऊ नका. त्यांच्या खात्यात दोन राष्ट्रीय विजेतेपदं जमा होती. नव्या कोचने तोच प्रयोग केला तर पुढच्या पराभवाला तीच क्लिप फिरते.

पायरी ६: घरच्यांचं तोंड

पोराच्या बाजूने कमेंटमध्ये भांडू नका. तुमचं आडनाव तेच असतं, ते लगेच ओळखलं जातं, आणि मग शिव्या आजीपर्यंत जातात. खोट्या खात्यावरून तर अजिबात नको, ते उघडं पडतंच.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. "ताईचा घोटा मुरगळलाय, शनिवारी बहुतेक खेळणार नाही, प्रार्थना करा" असा निरागस मेसेज मंडळाच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर गेला की तो सट्ट्याच्या भाषेत आतली बातमी ठरतो. एनसीएएच्या नियमांत खेळाडूने अशी माहिती सट्टा लावणाऱ्याला देणं निषिद्ध आहे, आणि ती ग्रुपमधून कुठे गेली हे सिद्ध करत बसायची वेळ पोरावर येते. दुखापतीची बातमी टीमने जाहीर करेपर्यंत मावशीलाही नाही.

जेव्हा हे घरगुती राहत नाही

झोप उडणं, सरावाला उशीर, जेवण टाळणं, मैत्रिणींशी तुटक बोलणं, आवडीचं काही न उरणं. दोन आठवडे असं चाललं तर यादी आणि सेटिंगांचा विषय संपला. ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना खेळाडूंसाठी मानसिक आरोग्यसेवा पुरवणं बंधनकारक आहे. अ‍ॅथलेटिक ट्रेनरला विचारलं की दार सापडतं. ते कोचला विचारावं लागत नाही, आणि पोरांना हेच माहीत नसतं. जीव देण्याची भाषा आली तर अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा टेक्स्ट, कुठल्याही वेळी. पोरगं सुट्टीत भारतात असेल तर टेली मानस, १४४१६.

तुम्ही स्वतः चाहते असाल तर

२०२२ च्या आशिया कपमध्ये अर्शदीपच्या हातून झेल सुटल्यावर काय झालं ते आपण पाहिलंय, कदाचित फॉरवर्डही केलंय. मॅचवर, डावपेचांवर, कोचच्या पगारावर मनसोक्त लिहा. खेळाडूला टॅग करू नका. टॅग न करता लिहिलेली शिवी तुमच्या मित्रांत फिरते, टॅग केलेली त्याच्या खिशात वाजते.

भाचीचं सार्वजनिक खातं आता माझ्या जुन्या टॅब्लेटवर असतं. मॅचच्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून रिक्वेस्ट चाळतो, जपायचं ते जपतो, बाकी उडवतो. कधी कुणी खरंच छान लिहिलेलं असतं. सुरुवातीला मी ते तिला पाठवायचो. तिने थांबवलं. म्हणाली, "मामा, चांगलंही नको पाठवूस. आज चांगलं आलं नाही म्हणजे काय आलं असेल, ते मला लगेच कळतं."

तेव्हापासून मी फक्त बसची वेळ विचारतो.